खांदा साडेसतरा

घरातल्या माणसाच्या कोटाची ट्रायल म्हणजे या घरात लग्नाच्या खालोखालचा सोहळा. दुकानाला सुट्टी, शटर अर्ध्यावर ओढलेलं, कापायच्या टेबलावरचे तागे बाजूला सारून तिथं चहाचे कप, आणि उंच आरशापुढे कच्च्या पांढऱ्या टाक्यांचा कोट अंगात घालून, हात सोडून, बुजगावण्यासारखं उभं असलेलं घरातलं कुणीतरी. आज तिथं चिमणी उभी होती.

जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून आत्यानं तिला चिमणी म्हटलं. आता ती शाळेच्या संघातून लोखंडी गोळा फेकत होती, तोही असा की मैदानाच्या कडेला डबे उघडून बसलेली पोरं डबे उचलून मागं सरकायची. तिला चिमणी म्हणणं म्हणजे कपाटाला डबी म्हणण्यासारखं झालं होतं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

"वा!" मोठे काका म्हणाले. दुकानातली सगळी कटाई त्यांच्या हातची. त्यांनी चिमणीभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा म्हणाले, "वा! काय बसलंय जॅकेट! जसं काही अंगावरच उगवलंय."

"गळा सुरेख पडलाय," आई म्हणाली. ती नर्स, दवाखान्यातून थेट आलेली. केसांत अजून पिन, हातात पिशवी.

आत्यानं नुसती मान हलवली. ती मागच्या खोलीच्या दारात मांडीवर कुणाचंतरी अस्तर घेऊन बसली होती. सासर सोडून आल्यापासून अस्तरं आणि काजं एवढंच तिच्याकडे होतं. पुढच्या टेबलाशी ती कधी येत नसे आणि तिला कुणी बोलावतही नसे.

आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांना घरदार आणि गल्ली मास्तरच म्हणायची. गळ्यात टेप, नाकाला रुमाल. गेला आठवडाभर त्यांची सर्दी हटायला तयार नव्हती. त्यांनी काहीच म्हटलं नाही, कारण कौतुक इतरांनी करायचं आणि मास्तरांनी ते ऐकायचं, अशी पहिल्यापासूनची वाटणी.

चिमणीनं आरशात पाहिलं. पुढून जॅकेट खरोखरच झकास दिसत होतं. गडद निळं, कॉलर ताठ. पण आत, पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मध्ये कुणीतरी कापड मुठीत धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. श्वास घेतला की ती मूठ घट्ट व्हायची.

उद्या सकाळी मैदानावर तालीम होती. संघाच्या पुढं झेंडा घेऊन चिमणी चालणार होती आणि झेंडा मैदानाला पूर्ण फेरी होईस्तोवर एका हातानं डोक्याच्या वर धरायचा होता. खेळाच्या बाईंनी स्वच्छ बजावलं होतं, "जॅकेट घालून ज्याचा हात वर जाणार नाही, त्याच्याकडून मी झेंडा काढून घेईन. मला वाकडा झेंडा चालणार नाही." आणि चिमणीच्या मागंच एक बांबूसारखी सडपातळ मुलगी उभी असायची. तिला कुठलंही तयार जॅकेट कुठल्याही दुकानातून आणलं तरी बसायचं. झेंड्याकडे ती अशी बघायची की जणू झेंड्यानंच तिला डोळा मारलाय.

या दुकानात ट्रायलच्या वेळी हात वर कर असं गिऱ्हाइकाला कुणी सांगत नसे. हात खाली सोडून उभं राहायचं, आरशात बघायचं, हसायचं, घरी जायचं. चिमणीनं उजवा हात उचलला. कोपर खांद्याच्या रेषेत आलं आणि अडलं.

"हळू गं," काका म्हणाले.

चिमणीनं हळू केलं नाही. गोळा फेकताना जसा खालून जोर आणतात तसा आणला आणि हात सरळ छताकडे नेला. टर्रकन आवाज झाला. पाठीवरचे कच्चे टाके एका दमात उसवले, बाहीचा खांद्याशी काडीमोड झाला आणि पांढरे दोरे मिशांसारखे लोंबू लागले.

 आईच्या हातातला कप बशीवर वाजला.

"कच्चे टाके आहेत, उसवणारच," काका घाईघाईनं म्हणाले. "त्यासाठीच तर कच्चे असतात."

"काका, टाक्यांचं जाऊ द्या. पाठच अपुरी आहे."

"अगं, जरा फिटिंगचं आहे. आजकाल असंच घालतात."

"मला झेंडा धरायचाय. फोटो काढायला नाही चाललेय मी." चिमणीनं मोठा श्वास घेतला आणि या घरात आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं ते वाक्य काढलं. "माप चुकलंय."

आई लगेच म्हणाली, "चिमणे, गप्प बस."

पण निघालं ते निघालं. मास्तरांनी रुमाल नाकावरून खाली घेतला. बँकेचे साहेब, नाटकातले राजे, तीन-तीन पिढ्यांचे नवरदेव त्यांच्या टेपखालून गेले होते आणि माप चुकलं असं म्हणायची एकाचीही छाती झाली नव्हती.

"कुणाचं चुकलंय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं, आजोबा."

"तू आता टेलर झालीस का?"

"नाही. पण अंग माझंय ना."

 मास्तर थोरल्याकडे वळले. "खांदा किती सांगितला होता मी?"

काकांनी टेबलाखालून खाकी कागदाचा साचा ओढून काढला. त्यावरचा खडूचा आकडा वाचला. "सोळा."

"नुसता सोळा?"

"सोळाच म्हणालात तुम्ही, बाबा."

"सोळा म्हणालो. आणि नंतर?"

काकांनी डोळे बारीक करून आठवलं. "नंतर तुम्ही खोकलात."

"किती वेळा?"

काकांचा चेहरा हळूहळू उतरू लागला. "अहो बाबा... तो सर्दीचा नव्हता?"

चिमणीनं आजोबांकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा आजोबांकडे. आईनं कप खाली ठेवला. मागच्या दारात आत्याची सुई थांबली.

आणि मग ते बाहेर पडलं. एवढी वर्षं फक्त टेप धरणाऱ्यानं आणि कात्री धरणाऱ्यानं आपल्यात ठेवलेलं. मास्तर माप मोठ्यानं सांगत ते गिऱ्हाइकाच्या कानांसाठी. ढेरपोट्याची कंबर दोन इंच कमी, बाईमाणसाचा दंड इंचभर कमी, ऐकणारा खूश. आणि आकड्याच्या मागून मास्तर खोकत ते टेबलाशी उभ्या असलेल्या थोरल्यासाठी. एक खोकला म्हणजे अर्धा इंच मिळवायचा. गिऱ्हाईक कमी आकडा घेऊन हसत घरी जाई आणि कोट मात्र खऱ्या अंगाचा शिवून येई. लोक म्हणत, मास्तरांच्या हातात जादू आहे, बारीक मापाचा कोट आणि अंगाला कसा सैल! काकांनी ही विद्या बापाकडून घेतली होती, बापानं त्याच्या बापाकडून. सगळं सुरळीत चाललं होतं. कुणालाच सर्दी झाली नव्हती.

"मला कसं कळणार?" काका आता रडकुंडीला आले होते. "आठवडाभर तुम्ही खोकताय. चहा पिताना खोकताय, जिना चढताना खोकताय. कुठला मापाचा आणि कुठला घशाचा, त्याला काही खूण?"

"मापाचा कोरडा असतो," मास्तर म्हणाले. "घशाचा ओला. इतकी वर्षं टेबलाशी उभा आहेस, एवढं कळू नये?"

"अहो, मग त्या वकिलांचा कोट? त्यांच्या पोटाला तुम्ही असे सलग खोकत होतात की मी दोनदा पाणी आणून दिलं!"

"त्यातला निम्मा मापाचा होता."

"देवा! मी एकही मिळवला नाही." काका मटकन स्टुलावर बसले.

"एक मिनिट," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला, रांग मोडणाऱ्यांना थांबवतानाचा. "म्हणजे मी लग्न होऊन आले, तेव्हा माझा कोट शिवलात. माझं माप घेताना तुम्ही केवढे खोकला होतात, बाबा. मी काढासुद्धा करून दिला होता."

"सूनबाई, तेव्हा हवाच तशी होती," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

काकांना हसू फुटलं आणि त्यांनी ते मिशीत दाबलं. एरवी चिमणी सगळ्यांत आधी खिदळली असती. पण तिचे कान तापले होते.

"आजोबा," ती म्हणाली, "माझ्या खांद्याला का खोकलात?"

"दुकानात माणसं होती."

"कोण माणसं? बटणांचा विक्रेता. आणि पंखा दुरुस्त करायला आलेला. तो तर स्टुलावर चढून पंख्याशी भांडत होता."

"कुणी का असेना. वयात आलेल्या पोरीचं माप चारचौघांत ओरडून सांगायचं नसतं."

"मी रोज चारचौघांतच त्या खांद्यानं गोळा फेकते. त्या खांद्यावर मला झेंडा मिळालाय! मैदानावर सगळे टाळ्या वाजवतात आणि माझ्या घरात त्याला खोकतात?"

"चिमणे, आवाज," आई म्हणाली, पण तिच्यातला जोर गेला होता.

"बरं, झालं ते झालं," काका उठले. त्यांना भांडण नको होतं. चिमणीचे बाबा कापड आणायला बाहेरगावी गेलेले, आणि दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, या भांडणात गेल्या पावसाळ्यात अर्धं घर अर्ध्या घराशी बोलत नव्हतं. ते कुठं आत्ता निवळलं होतं. "मी अंदाजानं दीड इंच वाढवतो. कुणी कुणाला काही सांगायचं नाही, कुणी काही ऐकायचं नाही. चहा प्या. विषय संपला."

"नाही संपला," चिमणी म्हणाली. तिनं ते उसवलेलं जॅकेट अंगातून काढलं, नीट घडी घातली, कारण काही झालं तरी ती टेलरच्या घरातली होती, आणि टेबलावर ठेवलं. "माझं माप पुन्हा घ्यायचं. पहिल्यापासून. आणि असेल तेवढं सांगायचं."

"आणि मी नाही घेतलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर मी हेच घालून जाईन. असंच, दोरे लोंबत. कुणी विचारलं कुणी शिवलं, तर दुकानाचं नाव सांगेन, पत्त्यासकट."

काकांनी डोळे मिटले. आईनं ओठ घट्ट दाबले, आणि ते रागानं की दुसऱ्या कशानं हे चिमणीला कळेना.

मास्तर खुर्चीतून उठले. उठायला त्यांना वेळ लागला, तोवर कुणी मदत केली नाही, कारण मदत केलेली त्यांना खपत नसे. आरशाच्या कडेला हात टेकून ते म्हणाले, "तुला काय वाटतं, मी खोटारडा आहे? माणूस इथं येतो, या पाटावर उभा राहतो, हात सोडतो. त्याच्या अंगाला परक्या माणसाचा हात लागतो. मी आकडा सांगतो तेव्हा मी टेप बघत नाही, त्याचं तोंड बघतो. खरा आकडा कानावर पडला की माणसाचं तोंड असं पडतं..." त्यांनी हाताचा तळवा हळूच उलटा केला. "मी ते पडू दिलं नाही. एकाचंही नाही. ही माझी अब्रू आहे पोरी, कोटबिट सगळं नंतर."

हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की चिमणीची भट्टी क्षणभर मंदावली. आजोबांनी तिला सायकल शिकवली होती. तिचा पहिला गोळा अंगणात मापाच्या टेपनं त्यांनीच मोजला होता. तेव्हा मात्र अर्ध्या इंचासाठीही त्यांनी हुज्जत घातली होती, की पडला तिथून मोजा, घरंगळला तिथून नाही.

"आणि माझं तोंड?" तिनं विचारलं. "सोळा म्हणालात तेव्हा माझं तोंड बघितलंत?"

मास्तरांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी खूश नव्हते, आजोबा. मला वाटलं माझे खांदे कमी झाले. आदल्या वेळेपेक्षा गोळा कमी का गेला त्याचं कारण मी रात्रभर तेच धरून बसले होते."

"बाबा, मी रोज बाळांची वजनं घेते," आई अचानक म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले, कारण या दुकानात ती सहसा फक्त गळा सुरेख पडलाय असं म्हणायची. "बाळ आईच्या मनासारखं भरत नसलं की आईचं तोंड पडतं. मला दिसतं ते. पण मी अर्धा किलो वाढवून सांगितलं तर औषधाचा डोस चुकेल. मग तोंड पडू देते. आणि खुर्ची देते बसायला."

"वहिनी, तू पण?" काका म्हणाले. धाकट्या भावजयीला ते वहिनी म्हणत नसत, घाबरले की म्हणत.

"मी पण."

मास्तरांनी आधारासाठी मागच्या दाराकडे पाहिलं. त्या दारातून त्यांना कधी उलट उत्तर आलं नव्हतं. आत्या अस्तर बाजूला ठेवून उभी राहिली होती. मांडीवरचे दोरे झाडत ती दोन पावलं पुढं आली, टेबलाच्या अलीकडे.

"माझ्या लग्नाच्या आधी," ती म्हणाली, "सासरची माणसं त्या बाकावर बसली होती. तुम्ही माझं माप घेत होतात. इतके खोकलात बाबा, की होणाऱ्या सासूबाईंनी तुम्हाला औषधाचं नाव सांगितलं."

"जुनं कशाला काढतेस?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही सांगितलेले आकडे सासूबाईंनी तिथल्या तिथं पाठ केले. त्यांना वाटलं, सुनेसाठी कपडे करून ठेवावेत, खूश होईल. त्या मापाचे शिवून घेतले, ढीगभर. पहिल्या दिवशी एकही माझ्या अंगात गेला नाही. एकही. त्या दारात उभ्या होत्या, मी आत गुंड्या ओढत होते." आत्या हे सांगताना शांत होती, जणू दुसऱ्या कुणाच्या कपड्यांचं चाललंय. "त्यांनी एवढंच विचारलं, बाकीचं पण असंच कमी करून सांगितलंय का? त्यानंतर त्या घरात माझं कुणी काही खरं मानलं नाही. मी दूध उतू गेलं म्हटलं तरी जाऊन बघायचे."

काका तिच्याकडे बघत राहिले. "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी कात्री खाली ठेवलीस का दादा, ऐकायला?"

काकांच्या हातात खरंच कात्री होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. त्यांचा हात गळ्यातल्या टेपवर गेला आणि तिथंच राहिला. चिमणीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मागं सरायचं, हेच तर या घरात सगळे करत आले होते, आणि तिला आज मागं सरायचं नव्हतं. मागं सरलं की गोळा पुढं जात नाही, हे तिला बाईंनी नाही, तिच्या स्वतःच्या खांद्यानं शिकवलं होतं.

ती शटरकडे गेली.

"अगं, ते अडकतं," काका म्हणाले. "दोघं लागतात त्याला."

चिमणीनं खाली वाकून कडा धरली. एकदा श्वास. पाय रोवले, गुडघे वाकवले आणि दे धडक! शटर गडगडत थेट वरच्या नळकांड्यात जाऊन आपटलं. दुपारचं ऊन दुकानात घुसलं. समोरचा किल्ल्या बनवणारा दचकून मान वर करून बघू लागला. त्याच्याकडे किल्ली करायला आलेले दोघं वळले. सायकलवरून चाललेल्या एका बाईनं पाय टेकला.

"चिमणे!" हे तिघांनी एकदम म्हटलं.

ती येऊन पाटावर उभी राहिली. रस्त्याकडे तोंड करून. हात सोडून. साधा शाळेचा शर्ट, त्याच्या खांद्यांच्या शिवणी ताणलेल्या.

"आत्या घेईल माप," आई म्हणाली. "ताई, तुम्ही घ्या."

"नाही," चिमणी म्हणाली. "आजोबाच घेणार. मला दुसऱ्या कुणाचं नकोय. तुमच्यासारखी टेप कुणालाच धरता येत नाही, आजोबा, हे मला माहितीय. म्हणून तर म्हणते."

मास्तर उठेनात. रस्त्यावर सायकलवाली बाई अजून थांबलेली. किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. चिमणीचे गाल लाल झाले होते, कानांच्या पाळ्या जळत होत्या, आणि मनात एक बारीकसा आवाज म्हणत होता, शहाणे, केवढा तमाशा हा! तिनं त्या आवाजाला सांगितलं, थांब, अजून झाला नाही.

मग खुर्ची करकरली. मास्तर आले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, एकदा झटकली, आणि तिच्या मागं उभे राहिले. त्यांच्या बोटांचा थंडावा डाव्या खांद्याच्या टोकाला लागला. मग टेप पाठीवरून उजव्या टोकाकडे गेली, न ओढता, न सैल सोडता, अगदी जशी जायला हवी तशी. उजव्या टोकावर त्यांचा अंगठा टेकला.

"खांदा," ते म्हणाले.

काकांनी खडू उचलला.

आणि नेमका त्या वेळी मास्तरांच्या छातीत घरघर सुरू झाली. ओला, घशातला, आठवडाभराचा खोकला. चिमणीला तो पाठीवर जाणवला, टेप थरथरली. सगळ्यांना कळलं की येतोय. काकांचा खडू हवेत थांबला. आरशात चिमणीला आजोबा दिसत होते. त्यांचे डोळे भरून आले, कपाळावरची शीर तट्ट फुगली, मान लालबुंद झाली, पण त्यांनी ओठ मिटून तो खाली ढकलला. गिळला. पुन्हा वर आला, पुन्हा गिळला. अंगठा जागचा हलला नाही.

"साडेसतरा," मास्तर म्हणाले. स्वच्छ, मोठ्यानं, रस्त्यावर जाईल एवढं.

"बापरे!" रस्त्यावरचा एकजण म्हणाला.

"हो!" चिमणी ओरडली. "साडेसतरा! आणि अजून वाढणारेत!"

किल्लीवाला पहिल्यांदा हसला, मग सायकलवाली बाई, आणि आईनं तोंडावर पदर धरला, पण उशीर झाला होता, तिचंही हसू सुटलं होतं. मास्तर टेप धरून तसेच उभे होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. चिमणीच्या तोंडाकडे बघत होते, आरशातून. ते पडलं नव्हतं. ते इतकं उजळलं होतं की मास्तरांना दोनदा पापणी मिटावी लागली.

"छाती," ते म्हणाले. "अडतीस." मग, "दंड. तेरा." मग न विचारता त्यांनी असं काही केलं जे या दुकानात कधी कुणी केलं नव्हतं. "हात वर कर," ते म्हणाले. "पूर्ण वर. झेंडा धरतेस तसा." तिनं केला. वर गेलेल्या हातासकट त्यांनी पाठीचं माप पुन्हा घेतलं, खवाट्यापासून खवाट्यापर्यंत. "हे पण लिही. खांद्यात आत चुणी सोड, नाहीतर ही पुन्हा तेच करेल."

"पाठ आणि बाह्या नव्यानं कापायला लागतील," काका साच्यावर वाकत म्हणाले. "कापड कुठंय पण? त्या ताग्यातलं शेवटचं..." ते थांबले.

"शेवटचं तुम्ही तुमच्या बिनबाह्यांच्या जॅकेटसाठी ठेवलंय, दादा," आई म्हणाली. "वरच्या फळीवर, जुन्या पडद्याच्या मागं."

"तुला कसं माहीत?"

"द्या."

काकांनी पोटावरून हात फिरवला, निरोप घेतल्यासारखा, आणि फळीवरून कापड खाली घेतलं. टेबलावर ते पसरताना त्यांनी एकदा चोरून आपल्या कमरेकडे पाहिलं. "माझ्याही मापाला तुम्ही खोकता का हो, बाबा?"

"तुझ्या मापाला तूच खोकत आलायस," मास्तर म्हणाले. "मी ऐकतो."

मग त्यांना खोकला आवरला नाही. ते खुर्चीत बसले आणि पोटभर खोकले. आईनं पाणी आणलं, पाठ चोळली, गोळीचं विचारलं. टेबलावर काकांचा खडू निळ्या कापडावरून सरसर फिरत होता. उद्याच्या तालमीपर्यंत होईल की नाही, हे आता कुणी विचारत नव्हतं. कात्री चालायला लागली होती.

चिमणी पाटावरून उतरली. शटर ओढावं का, असा तिनं विचार केला आणि ओढलं नाही.

तेवढ्यात पाट वाजला. आत्या त्यावर उभी होती. चपला तिनं खाली नीट जोडून ठेवल्या होत्या. तिला हात कसे सोडायचे ते ठाऊक होतं, हजारो गिऱ्हाइकांना तिनं मागच्या दारातून तसं उभं राहताना पाहिलं होतं, तरी बोटं एकमेकांत अडकली होती. ती सोडवायला थोडा वेळ गेला.

मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. लेकीकडे बघितलं, मग उघड्या दारातून रस्त्याकडे. किल्लीवाला अजून इकडेच बघत होता.

"शटर घेऊ का खाली?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "जरासं?"

"राहू दे."

ते उठले. टेप घेऊन तिच्या मागं गेले. चिमणीनं आरशात दोघांनाही पाहिलं. आत्यानं हनुवटी वर घेतली, मान सरळ केली, आणि ज्या खांद्यांवर तिनं आजवर नुसतीच शाल ओढली होती त्या खांद्यांवर बापाचा अंगठा टेकला.

"सावकाश सांगा, बाबा," आत्या म्हणाली. "मला पाठ करायचंय."